गाठ पुढं येईना: मानवतकडच्या चटणी गटातलं एका ॲप्रनचं प्रकरण

तो ॲप्रन माझ्या कपाटात अजून आहे. निळा, टेरिकॉटचा, छातीवर खिसा असलेला. डावी दोरी शिलाईतून मुळासकट उसवलेली, उजवी कात्रीनं कापलेली. उसवलेल्या दोरीमुळं एक बाई वाचली. कापलेल्या दोरीनं माझं पितळ उघडं पाडलं. हे प्रकरण त्या दोन दोऱ्यांचं आहे.

शेड आणि माणसं

परभणी जिल्ह्यात मानवतच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेलं गाव. नाव सांगत नाही, बायकांनी तसं कबूल करून घेतलंय. दहा जणींचा बचत गट. शेंगदाणा, जवस आणि कारळाची चटणी करतात, उन्हाळ्यात लोकांचा काळा मसाला कांडून देतात. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची २०२० साली एक योजना आली, तिच्यात गटाच्या प्रत्येक सभासदामागं ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळायचं. त्यातून त्यांनी कांडप मशीन आणि भाजणीचा ड्रम घेतला.

जागा म्हणजे पत्र्याची एक जुनी खोली. एका भिंतीला कांडप, समोरच्या भिंतीला गॅसवर फिरणारा ड्रम. मधली वाट इतकी अरुंद की दोघी समोरासमोर आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागे. कांडपाची मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्या टोकाला ३ इंची पुली, तिथून पट्टा मोठ्या चाकावर. पट्ट्यावर जाळी होती. पण पट्टा सैल पडला की ताणायला जाळी काढावी लागे. दोन-तीनदा काढली, लावली, मग ती कोपऱ्यात पोत्यांमागं उभी राहिली. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक शेडांत अशी एक जाळी कोपऱ्यात उभी असते.

ॲप्रन आले ते तपासणीच्या धाकानं. कुणीतरी सांगितलं, अन्न परवान्याचे साहेब येणार, ॲप्रन आणि टोपी नसेल तर दंड लावतील. मग एक जण परभणीला जाऊन दहा ॲप्रन ठोक दरानं घेऊन आली. दुकानात माप एकच होतं. कुणाच्या अंगाचं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझी चाळीस मिनिटं

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून आलेला माणूस. संभाजीनगरला नऊ वर्षं भट्टीसमोर काढली, आता गटांना स्वच्छता आणि सुरक्षिततेचं शिकवत फिरतो. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी मी ॲप्रनची गाठ मागं मारली होती, शाळेतल्या मुलीच्या फ्रॉकसारखी. मोठ्या शेफनं ती मागून ओढून सोडली, दोऱ्या फिरवून पुढं आणल्या, पोटावर बांधल्या आणि एवढंच विचारलं, ‘अंगावर तेल आलं तर पाठीमागं हात नेत बसणार का?’

गाठ पुढं बांधायची ती याच्यासाठी. उकळतं तेल किंवा पाक कपड्यावर सांडला की कापड तो शोषून घेतं आणि अंगाला चिकटवून धरतं. भाजतं ते त्या धरून ठेवण्यानं जास्त. कापड अंगापासून लांब करायला जितका उशीर, तितकं भाजणं खोल. पाठीमागची गाठ न बघता सोडायची, तीही घाबरलेल्या आणि ओल्या हातांनी, हे होत नाही. सुती दोरी ओली झाली की फुगते आणि गाठ आणखी आवळते. पोटावरची गाठ दिसते, हाताखाली असते, एका हातानं सुटते. शिवाय दोरी दोनदा कमरेभोवती फिरल्यानं ॲप्रन अंगाबरोबर राहतो, हात धुवायचं फडकं खोचायलाही जागा होते.

हे सगळं मी त्या बायकांना सांगितलं. स्वतःच्या अंगावर बांधून दाखवलं. दोऱ्या मागं नेल्या, पाठीवर एकमेकींवरून ओलांडल्या, पुढं आणल्या, गाठ मारली. समजलं का? समजलं. मग दहाही जणींनी ॲप्रन घातले, आम्ही ओळीनं फोटो काढला, हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, चहा झाला. फोटो समोरून काढलेला होता. पाठी दिसतच नव्हत्या.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी केली. गटात साठीच्या पुढच्या एक मावशी आहेत, नऊवारी नेसणाऱ्या. त्यांनी साडीवरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घातला होता, शेतात जाताना घालतात तसा. मी म्हणालो, ‘मावशी, हा शर्ट काढा, इथं ॲप्रन चालतो.’ त्यांनी काही न बोलता काढला. या वाक्याकडं पुन्हा यावं लागणार आहे.

ती सकाळ

साडेदहाच्या सुमारास कांडप चालू होतं. गटातली सगळ्यात धाकटी सून मशीनकडं पाठ करून, भाजलेल्या शेंगदाण्याचं घमेलं उचलायला वाकली. ॲप्रनची गाठ पाठीवर, दोन्ही शेपटं लोंबलेली. वाकल्यावर ती मागं उडाली आणि एक शेपूट पट्ट्यात गेलं.

इथं थोडा हिशेब करू, कारण ‘लक्ष ठेवायला पाहिजे होतं’ असं नंतर बरेच जण म्हणाले. ३ इंची पुलीचा घेर सुमारे २४ सेंटिमीटर. मिनिटाला १४४० म्हणजे सेकंदाला २४ फेऱ्या. पट्टा सेकंदाला पावणेसहा मीटरच्या आसपास पळतो. ४० सेंटिमीटरचं शेपूट आत जायला लागतो सेकंदाचा चौदावा भाग. एवढ्यात माणसाला कळतसुद्धा नाही, मग मागं सरायचं तर सोडाच. तिथं लक्ष ठेवून काही होत नसतं.

दोरीनं तिला मागं खेचलं. ॲप्रनच्या कडेला डाव्या दोरीची शिलाई कच्ची होती, ती उसवली, त्यामुळं कमरेचा वेढा तुटला आणि ती चाकावर आदळली नाही. पण उजवी दोरी शाबूत होती, गाठ तिला धरून होती, आणि सगळा ताण ॲप्रनमधून गळ्यातल्या पट्टीवर आला. तिच्या थोरल्या जावेनं उडी मारून बटण बंद केलं. तोवर सैल पट्टा पुलीवरून घसरलाही होता. जाऊबाईनं आधी गाठ चाचपली. निरगाठ होती, ताणानं दगड झालेली. सुटेना. पाकिटं कापायची कात्री आणून दोरी कापली.

मानेवर लाल वळ, कोपराला मुका मार, दोन दिवस अंगदुखी. इतकंच. मला दुपारी फोन आला. मी त्याच संध्याकाळी गेलो, आणि खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर पहिला विचार असा आला की मी यांना गाठ पुढं बांधायला सांगितलं होतं, सह्या आहेत.

दोरी मोजली

शेडमध्ये सगळ्या गप्प बसल्या होत्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, ‘पुढं बांधायची सांगितली होती ना?’

धाकटी काही बोलली नाही. जाऊबाई बोलली. ‘आवं सर, दोरी पुढं येतच नाही तर बांधावं कसं? तुमच्या पँटीवर येत आसंल. आमच्या साडीवर येईना गेली. तुम्हाला सांगावं म्हणलं तर तुम्ही फोटो काढायलेत.’

टेप मागवली. ॲप्रनची रुंदी ७० सेंटिमीटर, दोरी प्रत्येक बाजूला ६०. धाकटीची कंबर, निऱ्या आणि परकरासकट, ९०. म्हणजे पाठीमागं उघडी राहणारी जागा २०. दोरी पुढं आणायची तर तिनं पाठीचे २० ओलांडायचे, मग ॲप्रनच्या अर्ध्या रुंदीवरून ३५ चालून बेंबीपाशी यायचं. झाले ५५. उरले ५. पाच सेंटिमीटरमध्ये काय गाठ मारणार! माझी कंबर पँटवर ८०. माझ्याकडं १५ उरले होते, आवळून कशीबशी बसली होती. मी स्वतःच्या कमरेवर धडा दिला होता.

आता तीच दोरी मागं बांधून बघा. पाठीच्या मध्यापर्यंत जायला १०, गाठीत १० गेले, तरी ४० चं शेपूट दोन्हीकडं लोंबतं. म्हणजे तो ॲप्रन पुढं बांधायला आखूड होता आणि मागं बांधायला लांब. बायकांनी जे केलं त्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं. मागं बांधलेली गाठ कामात सैल होते, म्हणून त्या एकमेकींच्या पाठीवर निरगाठी मारून देत होत्या. संध्याकाळी सोडायच्याच नाहीत, ॲप्रन तसाच डोक्यावरून काढायचा, सकाळी तसाच घालायचा. दहांपैकी सहा ॲप्रनच्या गाठी आठवडाभर सुटल्या नव्हत्या.

गळ्याच्या पट्टीचंही तसंच. ती साडेपाच फुटी पुरुषाच्या मापाची. पाच फुटी बाईच्या अंगावर छातीचा भाग पोटावर येतो, वर खांद्यापाशी मोकळी जागा राहते आणि तिथून पदर बाहेर. भाजणीच्या ड्रमवर असणाऱ्या दोघींचे पदर मी मागून घेतले. दोघींच्याही काठाला करपलेले ठिपके होते. एकीला ते माहीत होतं, दुसरीला नव्हतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. मी दोरीबद्दल बोलत होतो आणि अर्धा प्रश्न पदराचा होता. हॉटेलात पदर नसतो. आमच्या धंद्यातली सगळी शिकवण अंगात कोट आणि खाली पँट आहे असं धरून चालते. साडीवर ॲप्रन कसा घालायचा हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मावशींचा शर्ट

पदर पिनेनं लावून टाकावा, असं एकीनं सुचवलं. ते चालणार नव्हतं. अन्नपदार्थांच्या परवाना आणि नोंदणीच्या २०११ च्या नियमांना जोडलेलं चौथं परिशिष्ट आहे. अन्न हाताळताना त्यात पडू शकतील असे सैल दागिने किंवा इतर वस्तू अंगावर नकोत असं त्यात आलंय, आणि ते योग्यच आहे. चटणीत पडलेली पिन चाळणीतून दिसेल, पण ती कांडपातून आधी गेलेली असेल. टिकलीचीही तीच कथा. चिकटवायची टिकली घामानं सुटते आणि काळ्या चटणीत मरून रंगाची टिकली शोधणं म्हणजे नुसती शिक्षा. त्यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला, शेडमध्ये कुंकू लावायचं. मला हे सुचलं नसतं.

पदराचं काय? मावशी तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, ‘म्या शर्ट कामून घालीत होते, ते तुम्ही इचारलंच नाही.’

मी गप्प.

‘पदर पाठीवरून फिरवायचा, डाव्या कमरेला खोचायचा, वरून शर्ट. बटनं लावली की पदराला बाहीरची वाट राहत नाही. कापूस येचताना बोंडाची टोकं टोचत्यात, पऱ्हाटीत पदर आडकतो, म्हनून समद्या घालत्यात. हितं तर आग हाय आन पट्टा हाय.’

परभणीच्या काळ्या रानात दिवाळीच्या आगेमागे कुठंही बघा, साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या बायका ओळीनं दिसतील. मी लहानपणापासून बघतोय. तो मला गरिबीचा पोशाख वाटत होता. तो कामाचा पोशाख आहे. कारखाने कायद्याच्या, १९४८ च्या, २२ व्या कलमात चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत असं म्हटलं होतं. हे शेड कायद्याच्या हिशेबात कारखाना नव्हतं, ते कलम इथं कुणी लावणार नव्हतं. पण त्या कलमाला जे हवं होतं ते मावशींच्या अंगावर होतं आणि मी ते काढायला लावलं होतं.

गाठही त्यांच्याकडंच निघाली. कापूस वेचताना कमरेला फडक्याची ओटी बांधतात. ती भरली की दोन-चार किलोचं ओझं होतं, ढिगापाशी जाऊन एका हातानं सोडावी लागते, दिवसातून अनेकदा. तिथं निरगाठ मारणारी बाई मागं पडते. मावशींनी एक फडकं कमरेला लावलं, टोकं डाव्या कुशीपाशी आणली, एक साधा पीळ दिला, मग एक टोक दुमडून त्याचा कान पिळातून आत सारला आणि आवळला. दुसरं काही नाही. सुटं टोक ओढलं, फडकं खाली.

ही सुरगाठ. लहान पोरांच्या बुटाच्या लेसला दोन कान असतात, हिला एकच. एक कान कमी म्हणजे अडकायला एक जागा कमी. गाठ अगदी मधोमध न मारता डाव्या कुशीपाशी मारण्यातही अक्कल आहे. वाकल्यावर ती पोटात रुतत नाही, भांड्याच्या काठाला घासत नाही, आणि उजवा हात सहज तिथं पोचतो. मी नऊ वर्षं मधोमध बांधली. आता कुशीला बांधतो.

शिंप्याचा अपमान

नवे ॲप्रन गावातल्याच शिंप्याकडं शिवले. कापड मांजरपाट, आधी भिजवून आटवून घेतलेलं. टेरिकॉट भाजणीपाशी नको, कारण त्यातला पॉलिस्टरचा धागा आगीनं वितळतो आणि कातडीला चिकटतो. सुती कापड जळतं, पण वितळून चिकटत नाही. शिवाय मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टेरिकॉट अंगावर ठेवणं म्हणजे दुसरी भट्टीच.

दोरीचं माप काढायला बसलो तेव्हा गंमत झाली. मागची उघडी जागा म्हणजे कंबर वजा ७०. त्यात पुढं यायचे ३५ आणि गाठीचे ३० मिळवले की येते कंबर वजा ५. शिंपी म्हणाला, ‘मंग कंबरंएवढीच धरतो की सर, कशाला वजाबाकी?’ बरोबर होतं. ७० रुंदीच्या ॲप्रनला प्रत्येक दोरी जिची तिच्या कमरेएवढी. कंबर मोजायची ती साडी आणि शर्टावरून. ७५ वाली आहे आणि ११० वालीही आहे, एका मापात दोघी बसणारच नव्हत्या. प्रत्येक ॲप्रनवर आतून नाव टाकलं.

खिसा काढून टाकला. वाकलं की छातीच्या खिशातून पेन, मोबाइल, सुट्टे पैसे थेट घमेल्यात. गळ्याची पट्टी आखूड केली आणि तिला मागं एक टिच बटण दिलं, जोराचा हिसका बसला की उघडेल असं. मी आधी वेल्क्रो म्हणालो होतो. पण चटणीचा भुगा त्यात बसला की ते चार दिवसांत धरेनासं होतं, हे हॉटेलात पाहिलेलं आठवलं.

खरं भांडण झालं ते दोरीच्या शिलाईवर. बायकांचं म्हणणं, या वेळी चांगली पक्की शिवून घेऊ, मागची पहिल्याच हिसक्याला उसवली. मी म्हणालो, उसवली म्हणूनच आपण आज इथं बसून बोलतोय. दोरी ॲप्रनला एकाच ओळीच्या, लांब टाक्याच्या टिपेनं लावा, चौकोन नको, उलटसुलट नको. शिंप्याला ते लागलं. ‘सर, कच्ची टीप म्या मारत नसतो. उद्या लोक म्हणतील ह्याला शिवता येत नाही.’ त्याची समजूत मावशींनीही काढली नाही, त्या त्याच्या बाजूनं होत्या.

शेवटी परीक्षा ठरली. दोरीला पाच लिटरचं पाण्याचं कॅन लटकवलं तर टीप धरली पाहिजे. भरलेली घागर लटकवली तर सुटली पाहिजे. पहिल्या नमुन्यानं घागर आरामात पेलली, शिंप्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. दुसऱ्यानंही पेलली. तिसऱ्यात त्यानं दातओठ खाऊन टाके लांब केले आणि घागर खाली आली. अंगण भिजलं. तो नमुना ठरला. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. पण सुटण्याची जागा आपण ठरवलेली बरी, नाहीतर ती बाईच्या मानेत ठरते.

जाळी त्याच दिवशी परत बसवली. ही गोष्ट मी एका ओळीत सांगतोय याचा अर्थ ती लहान आहे असा नाही. पट्टा उघडा असता तर वरची सगळी शिवणकामाची हुशारी फुकट होती. आता पट्टा ताणायचा तर मोटरचं मुख्य बटण बंद करून, आणि जाळी लावल्याशिवाय ते परत चालू करायचं नाही. बटणाची जबाबदारी जाऊबाईकडं.

आता कसं घालतात

शेडच्या दाराबाहेर खुंट्या आहेत. आत शिरायच्या आधी बांगड्या शक्य तितक्या मागं सारून शर्टाच्या बाहीत घालायच्या, मंगळसूत्र गळ्याच्या आत. पदर फिरवून डावीकडं खोचायचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. मग डोकं. हा क्रम उलटा झाला की गळालेले केस ॲप्रनवर पडतात, म्हणून टोपी किंवा फडकं आधी, ॲप्रन नंतर.

ॲप्रन गळ्यात घातल्यावर छातीची कड गळ्याच्या खळीखाली चार बोटं आली पाहिजे. खाली आली तर टिच बटणाच्या अलीकडं पट्टीला चिमटा घेतात. दोऱ्या मागं न्यायच्या, पाठीवर ओलांडायच्या, पण पीळ पडू द्यायचा नाही, सपाट राहिल्या तर दिवसभर रुतत नाहीत. पुढं आणून डाव्या कुशीला सुरगाठ. उरलेलं टोक आणि कान दोन्ही कमरेच्या वेढ्याखाली वरून खाली खोचायचे. काहीही लोंबता कामा नये. मग जोडीदारणीनं एकदा मागून बघायचं, हे फार महत्त्वाचं, कारण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही आणि फोटोतही येत नाही. सगळ्यात शेवटी हात धुवायचे. बरेच जण आधी हात धुतात आणि मग त्याच हातांनी कालच्या दोऱ्या धरतात.

काढताना गाठ सोडायची, गळ्याची पट्टी धरून ॲप्रन पुढं उचलायचा, बाहेरची बाजू आत येईल अशी घडी. संडासला, फोनवर बोलायला, पोराला घ्यायला बाहेर जायचं तर ॲप्रन खुंटीवर. यावर जितकं बोललो तितकं दुसऱ्या कशावरच नाही. ॲप्रन साडी स्वच्छ ठेवायला आहे असंच सगळ्यांच्या मनात असतं. चटणी साडीपासून स्वच्छ ठेवायला आहे, हे गळी उतरवायला महिना गेला.

जे जमलं नाही

डोक्यावरचा पदर. गावातलं कुणी थोरलं माणूस किंवा मोटर दुरुस्तीवाला आत आला की दोघी-तिघींचा हात आपोआप पदराकडं जातो, आणि तो आता शर्टाखाली खोचलेला असतो. एकीनं तर चालू कामात शर्टाचं बटण काढून पदर ओढला. आम्ही फडकं कपाळापासून मागं बांधायचं ठरवलं, डोकं झाकलेलं राहतं, म्हटलं तर मानही राखला जातो. चार जणींना पटलं. एका सासूबाईंना नाही पटलं. त्यांची सून आता फक्त पाकिटं भरते, मशीनकडं जात नाही. मला हे आवडलेलं नाही, पण तिच्या घरात मी जाऊन बोलू शकत नाही.

धुणं. रोज ॲप्रन धुवा म्हणणं सोपं आहे. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात दहा ॲप्रनचं पाणी कुठून आणायचं? प्रत्येकीला दोन-दोन शिवले, एक अंगावर, एक वाळत. मेमध्ये पाकिटं भरणारींनी रोज बदलायचा आणि कांडपवालींनी एकाआड एक, अशी तडजोड झाली. पुस्तकी नियमात ती बसत नाही. मी ती कागदावर लिहिली नाही, इथं लिहितोय.

आणि गरमी. साडी, शर्ट, ॲप्रन, फडकं. दुपारी बारा ते तीन कांडप बंद ठेवतात आता. उत्पादन घटलं का, असं मला एका साहेबांनी विचारलं. सकाळी सहाला चालू करतात, घटलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा गेलो. वेचणीचे दिवस, शेडमध्ये चौघीच. खुंट्या मोजल्या, तीन ॲप्रन कमी. विचारलं तर मावशी हसल्या. ‘येचायला नेलेत. खालची कड वर घेऊन कमरंला मारली की ओटी व्हती. दोरी लांब हाय, बरं पडायलंय.’

मी म्हणालो, मावशी, ते चटणीचे आहेत, कापसाची सरकी आणि पानं चिकटतील. ‘धून आनतील की,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही आधी जाळी बघा.’

जाळी जागेवर होती. चार बोल्टांपैकी एक पडला होता, त्या जागी तार पिळून बांधली होती. मी ती ओढून बघितली, हलली नाही.

‘निरगाठ मारली का ही?’

‘मंग? तिला काय सुरगाठ मारावं?’

बोल्ट मी पुढच्या खेपेला नेला.